निर्गुडीच्या पानांतले फ्लॅव्होनॉइड मोजताना आकडे जुळत नसतील तर

फ्लॅव्होनॉइड ही पानांतली संयुगं अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडशी पिवळं संकुल (जोडसंयुग) करतात, आणि त्या रंगाने किती प्रकाश शोषला ते स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे पुढे मी नुसतं यंत्र म्हणते ते, मोजतं. आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचा त्रास यातलाच आहे का ते लगेच कळेल.

तुलनेसाठी घेतलेल्या क्वेर्सेटिन या शुद्ध फ्लॅव्होनॉइडचा स्टँडर्ड कर्व्ह (तीव्रता आणि यंत्राचा आकडा यांचा आलेख) अगदी सरळ येतो, आर-स्क्वेअर (सरळपणाचं माप, पूर्ण सरळ म्हणजे 1) 0.99 च्या वर, पण पानाच्या अर्काची तीन रीडिंग तीन दिशांना जातात. अर्क निम्मा पातळ केला तरी आकडा निम्मा होत नाही. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घालायच्या आधीच नळी हिरवट पिवळी असते. रिएजंट आणि पाणी घातल्यावर नळी गढूळ होते, आणि यंत्रावरचा आकडा बघता बघता सरकत राहतो. एकाच झुडपाची हिवाळ्यातली आणि मे महिन्यातली पानं घेतली तर उत्तरं ओळखू येऊ नयेत इतकी वेगळी निघतात. किंवा सगळं छान जुळतं, फक्त उत्तर अपेक्षेच्या बरोबर दहापट येतं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका फार्मसी महाविद्यालयाची प्रयोगशाळा सांभाळते. दरवर्षी फेब्रुवारी उजाडला की प्रोजेक्टवाली मुलं येतात आणि त्यांच्यातलं एखादं दारातूनच सांगतं, "मॅडम, यंत्र बिघडनं." इतक्या वर्षांत यंत्र खरंच बिघडलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. चूक बहुतेक वेळा क्युव्हेटपर्यंत, म्हणजे यंत्रात ठेवायच्या चौकोनी नळीपर्यंत, पोहोचायच्या आधीच झालेली असते. ती वहीत असते, बाटलीत असते, नाहीतर पान वाळवलेल्या धाब्यावर (घराच्या सपाट छपरावर) असते. म्हणून इंजिनिअरला फोन करण्याआधी पुढच्या गोष्टी याच क्रमाने बघा. पहिल्या चार-पाच तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च नाही.

उदाहरण निर्गुडीचं घेते, कारण आपल्याकडे गिरणा, पांझरा, तापीच्या काठाने आणि शेताच्या बांधावर ती हवी तेवढी मिळते, आणि सांधे सुजले की तिचा पाला शेकायला घेत नाहीत असं घर खान्देशात विरळा. तिच्या पानांत ल्युटिओलिनचे सी-ग्लायकोसाइड (साखर थेट कार्बनला जोडलेली रूपं), म्हणजे ओरिएंटिन आणि आयसोओरिएंटिन, आणि मेथॉक्सी गट असलेलं कॅस्टिसिन ही महत्त्वाची फ्लॅव्होनॉइड आहेत. अडुळसा, शेवगा, पेरू यांच्या पानांनाही बहुतेक तपासण्या जशाच्या तशा लागू पडतात.

वही उघडा

सगळ्यात स्वस्त तपासणी ही, आणि दहापटीची चूक इथेच सापडते. 415 नॅनोमीटरवरच्या नेहमीच्या पद्धतीत अर्धा मिलि नमुना, दीड मिलि अल्कोहोल, 0.1 मिलि 10 टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, 0.1 मिलि 1 मोलर पोटॅशियम अ‍ॅसिटेट आणि 2.8 मिलि पाणी घेतात. एकूण 5 मिलि. अर्ध्याचे पाच झाले, म्हणून मुलं शेवटी दहाने गुणतात. पण क्वेर्सेटिनचे द्रावणही अर्धा मिलिच घेतलेले असते आणि कर्व्हच्या आडव्या अक्षावर त्या मूळ द्रावणाचीच तीव्रता लिहिलेली असते. म्हणजे दहापट पातळ होणं दोन्हीकडे सारखंच झालं, गुणायचं काही उरलं नाही. अक्षावर नळीतली अंतिम तीव्रता लिहिली असेल तरच दहाने गुणा. तुमच्या अक्षावर नेमकं काय लिहिलं आहे ते आत्ता उठून बघा.

आकड्यांतच दाखवते. समजा 1 ग्रॅम भुकटीचा 50 मिलि अर्क केला, अर्काचा मूळ रंग वजा करून दुरुस्त केलेला प्रकाशशोषणाचा आकडा, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स 0.224 आला आणि कर्व्हचा उतार 0.0064 आहे. तीव्रता मिलिला 35 मायक्रोग्रॅम, गुणिले 50, म्हणजे ग्रॅमला 1.75 मिग्रॅ. दहाने गुणलं की तेच 17.5 होतं, आणि प्रबंधात तसंच छापलं जातं.

उत्तर कशाच्या ग्रॅममागे आहे तेही तपासा. वाळल्या पानाच्या ग्रॅममागे की आटवलेल्या अर्काच्या ग्रॅममागे? दोन्ही पद्धती चालतात, पण एकीचा आकडा दुसरीशी ताडून "माझा जास्त आला" म्हणता येत नाही.

वही मिटायच्या आत क्वेर्सेटिनच्या बाटलीवरचं लेबल वाचा. बरेचदा ते डायहायड्रेट (रेणूमागे पाण्याचे दोन रेणू असलेलं) असतं. क्वेर्सेटिनचा रेणुभार 302.24 आहे, डायहायड्रेटचा 338.27. म्हणजे 10 मिग्रॅ तोललंत तरी खरं क्वेर्सेटिन 8.93 मिग्रॅच. हा हिशोब सोडला तर पानाचं उत्तर जवळपास 12 टक्के फुगतं. कर्व्ह मात्र तसाच देखणा सरळ राहतो, त्यामुळे कर्व्ह बघून ही चूक कधीच कळत नाही.

क्युव्हेट, दिवा आणि वीज

दोन्ही क्युव्हेटमध्ये तेच डिस्टिल्ड पाणी भरा आणि 415 ला वाचा. फरक तिसऱ्या दशांशातच राहिला पाहिजे. जास्त असेल तर क्युव्हेट मिथेनॉलने धुवा, वाळवा, परत बघा. तरीही फरक राहिला तर जोडी बदला. खरखरीत, धूसर बाजूनेच धरा. 415 ला काचेचं क्युव्हेट चालतं, क्वार्ट्झ लागत नाही. प्लास्टिकच्या क्युव्हेटमध्ये अ‍ॅसिटोनचा अर्क मात्र घालू नका, भिंती धुरकट होतात.

यंत्र सुरू करून अर्धा तास थांबा. आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज खालीवर होतं आणि वीज जाऊन-येऊन असते. वीज गेली आणि परत आली की दिवा पुन्हा स्थिर व्हायला वेळ घेतो, पण मुलं घाईने तिथूनच पुढची रीडिंग लिहायला लागतात. वीज गेल्याची वेळ वहीत टाका आणि नंतर ब्लँक (शून्य ठरवायची नळी) पुन्हा घ्या. ऑनलाइन यूपीएस असेल तर उत्तमच.

पाण्यावरही शंका घ्या. बोअरचं पाणी जड असतं, आणि आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. लोहाचे अंश आले तर ते फ्लॅव्होनॉइडशी स्वतःच संकुल करतात आणि रंग गढूळ हिरवा-तपकिरी होतो. ताज्या डिस्टिल्ड पाण्यात सगळे रिएजंट नव्याने करून एक ब्लँक वाचा. तो आधीच्यापेक्षा खाली आला तर चोर सापडला.

नमुन्याचा स्वतःचा ब्लँक

इथे मी जरा थांबणार आहे, कारण पानांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

रिएजंट ब्लँक सगळेच घेतात: अल्कोहोल, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, अ‍ॅसिटेट, पाणी. मुळाला, सालीला तेवढं बऱ्यापैकी चालतं. पान हिरवं असतं. क्लोरोफिल-ए साधारण 430 नॅनोमीटरला जोरात शोषतं, आणि आपण वाचतो 415 ला, म्हणजे त्याच डोंगराच्या उतारावर. कॅरोटिनॉइडही त्याच भागात असतात. यंत्राला फ्लॅव्होनॉइडचा पिवळा आणि पानाचा मूळ रंग यांतला फरक कळत नाही, ते दोन्हींची बेरीज दाखवतं.

म्हणून प्रत्येक अर्काला त्याचा स्वतःचा ब्लँक हवा: तोच अर्धा मिलि अर्क, तेच सगळं, फक्त अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या जागी तेवढंच पाणी. वरच्या उदाहरणात अर्काचं कच्चं रीडिंग 0.612 होतं आणि नमुना-ब्लँक 0.388. वजा करून उरले 0.224. वजाबाकी न करता तेच उत्तर ग्रॅमला 4.8 मिग्रॅ झालं असतं, म्हणजे पावणेतीन पट.

क्लोरोफिल किती आहे हे बघायचं असेल तर तोच अर्क 665 नॅनोमीटरला वाचा. फ्लॅव्होनॉइडचं अ‍ॅल्युमिनियम संकुल तिथे शोषत नाही. तिथे भरघोस आकडा आला तर तो हिरव्या रंगाचाच आहे.

आता यातली बारीक गोष्ट. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण आम्लधर्मी असतं. आम्लात क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम सुटतो आणि त्याचं फिओफायटिन होतं. हिरवी चिंच शिजवल्यावर रंग कसा मळकट पडतो, तसंच. फिओफायटिन-ए चं शिखर 410 च्या जवळ आहे, म्हणजे आपण वाचतो तिथेच. नमुना-ब्लँकमध्ये हे आम्ल नसतं, त्यामुळे तिथलं क्लोरोफिल क्लोरोफिलच राहतं. अर्क गडद हिरवा असेल तर नुसती वजाबाकी खरं उत्तर देत नाही. क्लोरोफिल काढूनच टाकावं लागतं.

काढण्याची साधी वाट अशी. मिथेनॉलच्या अर्कात थोडं पाणी घालून तो सेपरेटिंग फनेलमध्ये पेट्रोलियम ईथरबरोबर दोन-तीनदा हलवायचा. हिरवा रंग आणि मेण वरच्या थरात जातं. निर्गुडीत मात्र एक काळजी घ्या. कॅस्टिसिनला मेथॉक्सी गट असल्यामुळे ते तेलकट द्रावकांकडे झुकतं. वरचा थर फेकण्याआधी त्याचा एक ठिपका टीएलसी (पातळ थराच्या वर्णलेखनाच्या) प्लेटवर मारून बघा, काही निसटलं असेल तर कळेल. पेट्रोलियम ईथर भयंकर ज्वालाग्राही असतं. खोलीत बर्नर, हीटर, सुरू असलेली हॉट प्लेट काही नको, आणि फनेलचा वायू दर वेळी सोडा.

कोळसा वापरू नका. रंग घालवायला अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल टाकण्याची सवय रसायनाच्या प्रात्यक्षिकांतून येते आणि अर्क खरंच पाण्यासारखा स्वच्छ होतो. पण फ्लॅव्होनॉइडचे सपाट, वलयी रेणू कोळशाला क्लोरोफिलइतकेच चिकटतात. एका मुलीने तीन आठवडे असे अर्क केले होते आणि तिचं उत्तर जवळजवळ शून्य होतं. ती रडकुंडीला आली होती. तिची पानं चांगली होती, काम नीटनेटकं होतं, वहीसुद्धा मी इतरांना दाखवावी अशी. मोजायचं ते सगळं फिल्टर पेपरवर काळ्या गाळात बसलं होतं.

गढूळपणा आणि पातळ करून बघणं

मिथेनॉलमध्ये विरघळलेलं मेण आणि राळ पाणी पडताच बाहेर येतं. कधी डोळ्यांना नळी स्वच्छही वाटते, पण क्युव्हेटमधून प्रकाश विखुरतो आणि यंत्र ते शोषण म्हणून मोजतं. आकडा सरकत राहतो तो बहुधा यामुळेच, कारण कण हळूहळू तळाशी बसत असतात. नळी काळ्या कागदासमोर धरून बाजूने टॉर्च मारा. उन्हाच्या कवडशात धूळ दिसावी तसा झोत दिसला तर गढूळ आहे. सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. फिल्टरही काही गिळतो का ते बघायला क्वेर्सेटिनचं माहीत तीव्रतेचं द्रावण त्यातून गाळून आधी आणि नंतर वाचा.

मग तोच अर्क पूर्ण, निम्मा आणि पाव असा तीनदा वाचा. ब्लँक वजा केल्यावर आकडे त्याच प्रमाणात उतरले पाहिजेत. पूर्ण आणि निम्मा जवळजवळ सारखे आले तर अर्क फार दाट आहे. अ‍ॅब्सॉर्बन्स 0.2 ते 0.8 च्या दरम्यान ठेवा. 1.5 च्या वरचं रीडिंग पानाच्या अर्कासाठी मी वहीत लिहूच देत नाही.

वेळ, क्रम, जुने रिएजंट

हे थोडक्यात. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घातल्यापासून 30 मिनिटांनी वाचायचं म्हणजे प्रत्येक नळी आपापल्या 30 मिनिटांनी. वीस नळ्या एकदम भरल्या आणि एकेक वाचत गेलं तर शेवटची पहिलीपेक्षा बरीच उशिरा वाचली जाते. दर मिनिटाला एक नळी सुरू करा, दर मिनिटाला एक वाचा. मे मध्ये खोली 40 अंशांवर आणि स्टँडर्ड कर्व्ह जानेवारीतला, असं चालत नाही. कर्व्ह त्याच दिवशी, त्याच खोलीत काढायचा.

क्वेर्सेटिनचं द्रावण उजेडात आणि अल्कलीत टिकत नाही. गडद बाटलीत, थंड, आणि शक्यतो ताजं ठेवा. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड ओलावा ओढतं. श्रावणात बाटलीत त्याचे गोळे होतात आणि तोललेल्यातलं पाणी किती ते सांगता येत नाही. ते हेक्साहायड्रेट आहे की निर्जल हेही लेबलवर बघा. निर्जल असेल तर पाण्याशी उसळून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. ते फ्यूमहूडमध्ये, थोडंथोडं, थंड पाण्यात घालायचं, आणि जपून.

सोडियम नायट्राइट आणि सोडियम हायड्रॉक्साइड वापरून 510 नॅनोमीटरला वाचायची दुसरी पद्धत असेल तर रिएजंट घालायचा क्रम अजिबात बदलू नका. त्या पद्धतीला मुख्यतः शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेले रेणू दिसतात. त्यामुळे क्लोरोजेनिक आम्लासारखी, फ्लॅव्होनॉइड नसलेली फिनॉलिक आम्लंही त्यात मोजली जातात आणि केम्फेरॉलसारखं खरं फ्लॅव्होनॉइड मात्र सुटतं. 415 आणि 510 च्या पद्धतींची उत्तरं एकमेकांशी जुळवत बसू नका, ती जुळायची नाहीत.

आता पान

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर यंत्राच्या खोलीतून बाहेर या.

पान कुठलं, कुठे वाळलं, कशात कुटलं? निर्गुडीच्या एकाच फांदीवर शेंड्याची कोवळी पानं आणि खालची जून पानं यांतलं प्रमाण वेगळं असतं. भर उन्हातल्या आणि सावलीतल्या झुडपातही फरक पडतो, कारण फ्लॅव्होनॉइड हे झाडाचं उन्हापासूनचं संरक्षणही आहे. मे मधलं पान आणि जानेवारीतलं पान जुळलं नाही, तर ती चूक असेलच असं नाही. तो झाडाचा खरा फरकही असू शकतो. तसं म्हणायला मात्र तोडणी एकसारखी हवी: शेंड्यापासून मोजून तिसरी ते सहावी पानं, सकाळची ठरावीक वेळ, किमान पाच-सहा झुडपं. महामार्गाच्या कडेचं झुडूप घेऊ नका. धूळ वजनात येते आणि उत्तर खाली ओढते. घ्यावंच लागलं तर वाहत्या पाण्यात पटकन धुऊन लगेच टिपून घ्या, पानं भिजत ठेवू नका.

अक्कलकुव्याकडच्या एका मुलाने त्याच्या आजीकडून गोणीभर पाला आणला होता. आजीने मायेने तो कडकडीत वाळवून दिला होता, बिबडे (ज्वारीचे पापड) वाळवतात तसा, धाब्यावर, वैशाखाच्या उन्हात. औषधी पाला म्हणून ते त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं आहे आणि शेकण्यासाठी तो पाला उत्तमच. आपल्या मोजमापाला मात्र ते चालत नाही. तीव्र उजेड आणि उष्णता फ्लॅव्होनॉइडची मोडतोड करतात. उलट पावसाळ्यात कोंदट खोलीत पानं आठवडाभर दमट राहिली तर पानातलेच एन्झाइम काम करत राहतात: पॉलिफिनॉल ऑक्सिडेज फिनॉल काळे करतं, ग्लायकोसिडेज साखर तोडतं. सावलीत, हवेशीर जागी, पातळ थरात वाळवा, किंवा 40 अंशांच्या ट्रे ड्रायरमध्ये. सगळ्या पानांना एकच पद्धत.

भुकटी करायला लोखंडी खलबत्ता नको. पानातल्या फिनॉलांना लोह लागलं की अर्क काळपट पडतो. चिनी मातीचा खल घ्या. मिक्सर वापरलात तर दहा-दहा सेकंदांच्या झटक्यांत फिरवा, भांडं हाताला गरम लागता कामा नये. मग सगळी भुकटी एकाच चाळणीतून, 40 नंबरच्या.

आणि ओलावा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात हवा इतकी कोरडी असते की भुकटी हातातून सुळकन निसटते, आणि तीच बरणी ऑगस्टमध्ये उघडली की भुकटी चमच्याला चिकटते. तोललेल्या 1 ग्रॅममध्ये पाणी किती ते माहीत नसेल तर दोन ऋतूंची तुलना करताच येत नाही. 2 ग्रॅम भुकटी 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि टक्केवारी काढा. ओलावा 8 टक्के निघाला तर वरचे 1.75 मिग्रॅ खरं म्हणजे कोरड्या ग्रॅममागे 1.90 होतात. ही वाळवलेली भुकटी अर्काला वापरू नका, ती फक्त ओलाव्यासाठी.

अर्क पूर्ण निघाला का

पाला किती वेळा उपसला? 80 टक्के मिथेनॉलमध्ये तीन वेळा काढा आणि तिन्ही अर्क एकत्र न करता वेगवेगळे मोजा. तिसऱ्यात फारसं काही उरलं नसेल तर काढणी पुरेशी आहे. तिसराही पहिल्याच्या निम्मा असेल तर भुकटी जाड आहे, नाहीतर द्रावक कमी पडतंय. निव्वळ मिथेनॉलपेक्षा थोडं पाणी मिसळलेलं बरं, कारण साखर जोडलेल्या फ्लॅव्होनॉइडना पाणी लागतं. सोनिकेटरच्या टबातलं पाणी तापत जातं, त्यात बर्फाचे खडे टाकत राहा.

मिथेनॉल 64.7 अंशांना उकळतं आणि भुसावळच्या मे महिन्यात ते उघड्या फ्लास्कमधून दुपारभरात डोळ्यांदेखत कमी होतं. 50 मिलिचे 46 झाले की अर्क आपोआप दाट झाला आणि आकडा वर गेला. अर्क मेजरिंग फ्लास्कमध्ये घेऊन खुणेपर्यंत पुन्हा भरा आणि बूच घट्ट लावा. पिपेटमधून मिथेनॉल गळतं म्हणून टिप आधी दोनदा त्याच अर्काने भिजवा. तीन रीडिंग तीन दिशांना जाण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. मिथेनॉल विषारी आहे, त्याची वाफही. खिडक्या उघड्या ठेवा. त्याच्या जागी बाजारातलं रंगीत स्पिरिट वापरू नका, त्यात काय मिसळलंय त्याची खात्री नसते.

घालून परत मिळवा

आता शंका अर्काच्या गुंतागुंतीवर. मोजलेल्या अर्कात माहीत असलेलं क्वेर्सेटिन घाला आणि पुन्हा मोजा. मिलिला 20 मायक्रोग्रॅम घातले तर आकडा 18 ते 22 ने वाढायला हवा. 12 नेच वाढला तर अर्कातलं काहीतरी अ‍ॅल्युमिनियम पळवतंय किंवा रंग दाबतंय. तेव्हा अर्क आणखी पातळ करा आणि हीच तपासणी पुन्हा करा. मी ही तपासणी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये सक्तीची केली आहे. एक तास जातो, पण परीक्षकांसमोर आकड्यावर उभं राहता येतं.

पद्धतीलाच विचारा

तरीही अडलं तर 415 ला एक ठिपका वाचण्याऐवजी 350 ते 500 पर्यंत पूर्ण स्कॅन घ्या. एपिजेनिनसारख्या फ्लॅव्होनचं अ‍ॅल्युमिनियम संकुल 385 च्या आसपास शिखर देतं, क्वेर्सेटिनचं त्याच्या बरंच उजवीकडे. निर्गुडीत ल्युटिओलिनचे भाऊबंद जास्त, म्हणून शिखर क्वेर्सेटिनच्या जागेवर येईलच असं नाही. तुम्ही उतारावर वाचत असाल तर उत्तर कमी येणारच. कॅटेचिन आणि फ्लॅव्हॅनोन हे फ्लॅव्होनॉइडचेच प्रकार या पद्धतीत जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून उत्तराच्या शेजारी "क्वेर्सेटिन समतुल्य" हे शब्द आणि तरंगलांबी लिहायलाच हवी.

टीएलसी करून बघा, खर्च फार नाही. सिलिका जेलची एफ-254 प्लेट, इथाइल अ‍ॅसिटेट, फॉर्मिक आम्ल, ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल आणि पाणी 100:11:11:26 या प्रमाणात. वाळवून अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचा फवारा मारा आणि 365 च्या दिव्याखाली बघा, गॉगल लावून. पिवळे ठिपके किती, कुठे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की आकड्याला अर्थ येतो.

आणखी एक सापळा निर्गुडीतच आहे. काही जण आम्लात उकळून साखर तोडतात आणि सुटं झालेलं फ्लॅव्होनॉइड मोजतात. साखर ऑक्सिजनमार्गे जोडलेली असेल तर ती तुटते. ओरिएंटिन, आयसोओरिएंटिनमध्ये ती थेट कार्बनला जोडलेली असते आणि त्या उकळण्याने सुटत नाही. ल्युटिओलिन कमी आलं म्हणून आम्ल वाढवत गेलात तर आहे तेही जळेल.

कुठे थांबायचं

झाडाच्या ओळखीबद्दल शंका असेल तर पहिल्याच दिवशी थांबा. निर्गुडीत, म्हणजे व्हायटेक्स निगुन्डोत, मधल्या पर्णिकेला छोटा देठ असतो. व्हायटेक्स ट्रायफोलियात पर्णिका जवळजवळ बिनदेठाच्या असतात. तरी डोळ्यांच्या अंदाजावर प्रबंध उभा करू नका. फुलासकट फांदी दाबून वाळवा आणि वनस्पतिशास्त्र विभागातल्या जाणकारांकडून किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्याच्या पश्चिम विभागीय केंद्रातून ओळख पटवून घ्या. पानं यावल अभयारण्यातून आणायची असतील तर वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नका.

यंत्राच्या बाबतीत माझी रेषा स्पष्ट आहे. होल्मियम फिल्टर (तरंगलांबी तपासायची काच) असेल तर 361 आणि 536 नॅनोमीटरच्या जवळची शिखरं जागेवर आहेत का एवढं बघा. ती सरकली असतील, किंवा रिकाम्या कप्प्यातही बेसलाइन नाचत असेल, तर तिथे हात काढा आणि सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. झाकणाचे स्क्रू उघडू नका. ड्यूटेरियम दिव्याला उच्च व्होल्टेज असतं, त्याचा अतिनील प्रकाश डोळे भाजतो, आणि आतल्या आरशाला बोटाचा एक ठसा लागला तरी तो आरसा गेला.

एचपीएलसीवर (उच्च दाबाच्या द्रव वर्णलेखनावर) जायचं ते "एकूण" नव्हे तर "कोणतं, किती" हा प्रश्न असेल तेव्हाच. गाळलेला अर्क, सी-18 कॉलम, त्याआधी गार्ड कॉलम, 350 नॅनोमीटर, आणि ओरिएंटिनचं प्रमाणित स्टँडर्ड. दाब अचानक वाढला तर गार्ड कॉलम बदलून बघा, त्यापुढे पंप उघडायचा नाही. शिखरं एकमेकांत मिसळलेली असतील आणि स्टँडर्ड मिळत नसेल तर तो नमुना वस्तुमान वर्णपटमापक असलेल्या मध्यवर्ती प्रयोगशाळेकडे पाठवायचा असतो. कॉलममधून बाहेर पडण्याच्या नुसत्या वेळेवरून शिखराला नाव देऊ नका.

बाहेर नमुना पाठवताना त्याच भुकटीचे 10 ग्रॅम हवाबंद गडद बरणीत, तोडणीची तारीख, गाव, ओलाव्याची टक्केवारी आणि नमुना-ब्लँकची रीडिंग सोबत द्या. उरलेल्या भुकटीची दुसरी बरणी फ्रीजरमध्ये ठेवा. तिकडून "पुन्हा पाठवा" असा निरोप आला तर तोपर्यंत बांधावरच्या झुडपाची ती पानं गळून गेलेली असतात.